एक अकाउंट, तीन साइट आणि दोन मिनिटांचा घोळ

तक्रार साधारण अशी यायची: पासवर्ड बरोबर आहे, मेलवर आलेला ओटीपीही बरोबर टाकलाय, अकाउंटच्या पानाने हिरवी टिकपण दाखवली, आणि मग दुकानाच्या साइटवर परत आलं की "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा". सपोर्टकडून ठरलेलं उत्तर जायचं, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) क्लिअर करा, इन्कॉग्निटोमध्ये बघा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं त्याने होतही होतं. झालं, तक्रारीचं तिकीट बंद. मग तोच माणूस पुढच्या वेळी खरेदीला आला की परत तीच रड. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण एकमेकांना जोडलेल्या साइट ज्यांच्याकडे आहेत त्यांना याच्यासारखं काहीतरी कधी ना कधी भेटतंच, आणि भेटलं की सगळे आधी भलत्याच जागी खणत बसतात.

कंपनीचं नाव सोडून देऊ. साइट तीन. एक लेखांची, तिला सगळे मुख्य साइट म्हणतात, एक दुकान, आणि एक कोर्सेसची. तिन्हींना अकाउंट एकच. लॉगिनचं पान मात्र यातल्या कुठल्याच साइटचं स्वतःचं नाही, ते चौथ्या जागी आहे, अकाउंट साइटवर. कुठूनही लॉगिन दाबलं की ब्राउझर तिकडे जातो, ओळख पटवतो आणि एक कोड (ओळख पटल्याची एकदाच चालणारी खूण) घेऊन जिथून निघाला तिथे परत येतो. आतून हे ओपनआयडी कनेक्ट आहे, म्हणजे २०१२ च्या ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या मानकावर २०१४ मध्ये चढवलेला ओळखीचा थर, आज जवळपास सगळीकडे हेच असतं. डोमेनची मांडणी तेवढी लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे: अकाउंट साइट आणि कोर्सेस ही एकाच डोमेनची दोन सबडोमेन, आणि मुख्य साइट आणि दुकान यांची डोमेन पूर्ण वेगळी, एकमेकांपासूनही वेगळी.

पहिलं काम म्हणजे तक्रारींचा ढीग वेगळा करणं, कारण लोक "लॉगिन होत नाही" या तीन शब्दांत काहीही सांगतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. या ढिगात तीन वेगळे आजार एकत्र पडलेले होते.

एक आजार असा की लॉगिन व्यवस्थित होतं पण आत गेल्यावर जुन्या ऑर्डरी दिसत नाहीत. हे लॉगिनचं नाहीच. कधीतरी पासवर्डने अकाउंट काढलं, नंतर कधीतरी "गूगलने साइन इन" दाबलं, मेल दोन्हीकडे सारखाच पण एका जागी पहिलं अक्षर कॅपिटल, आणि सिस्टीमने त्याची दोन माणसं करून ठेवली. तो ढीग डेटावाल्यांकडे गेला, त्याच्यावर इथे वेळ घालवत नाही.

दुसरा आजार, सफारीवाले म्हणतात आम्हाला प्रत्येक साइटवर वेगळं लॉगिन दाबावं लागतं, एकदा केलं की सगळीकडे का होत नाही. याचं कारण माहीतच होतं. साइट उघडली की मागे एक न दिसणारी आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) अकाउंट साइटला गुपचूप विचारते, बाबा हा माणूस आधीच आत आहे का? अकाउंट साइटची कुकी त्या आयफ्रेमपर्यंत पोचली तर उत्तर हो येतं. सफारीने मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या साइटच्या कुकीज, सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकीजची बरणी वेगळी केली, त्यामुळे आयफ्रेमला कायम "लॉगिन लागेल" हेच उत्तर मिळतं. कोर्सेसच्या साइटवर मात्र सफारीतही हे चालायचं, कारण तिचं आणि अकाउंटचं डोमेन एकच. (क्रोमने या कुकीज काढून टाकायचा बेत जुलै २०२४ मध्ये सोडून दिला, म्हणून क्रोमवाल्यांना हा त्रास नाही, पण त्यावर विसंबून काही बांधू नये असं माझं मत.) यात एरर कुठलीच नाही, फक्त एक जादा क्लिक, आणि त्याला उपाय म्हणजे आयफ्रेम सोडून सरळ अख्खं पान एकदा अकाउंट साइटवर नेऊन आणणं.

तिसरा आजार म्हणजे वर सांगितलेला, हिरवी टिक आणि मग एरर. तो फक्त दुकानात. मुख्य साइटवर नाही, कोर्सेसवर नाही. आणि तोही सगळ्यांना नाही आणि नेहमीही नाही, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकारचा.

आता अशा जोडलेल्या साइटचं एक असतं, की प्रत्येक टीमचा लॉग (सर्व्हरने ठेवलेली नोंद) आपल्यापुरता खरा असतो. अकाउंटवाले म्हणाले आमच्याकडे यशस्वी, बघा, ओटीपी बरोबर, कोड दिला, पाठवला, आमचा विषय संपला. दुकानवाले म्हणाले आम्ही गेल्या कित्येक महिन्यांत लॉगिनच्या प्रोग्रॅमला हातही लावलेला नाही. दोघंही शंभर टक्के खरं बोलत होते. बिघाड या दोघांच्या मधल्या वाटेवर होता आणि ती वाट ब्राउझरच्या ताब्यात असते, तिचा लॉग कोणाकडेच नसतो.

"कधी होतं कधी नाही" म्हटलं की माझा पहिला संशय घड्याळावर जातो. टोकनवर, म्हणजे अकाउंट साइट देते त्या ओळखीच्या डिजिटल चिठ्ठीवर, वेळेचे शिक्के असतात, केव्हा दिलं, केव्हापासून चालेल, केव्हा संपेल, आणि दुकानाच्या चार सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ मिनिटभर मागे असेल तर त्याला वाटतं हे टोकन भविष्यातून आलंय, मग तो ते नाकारतो. पाहिलं, घड्याळं बरोबर. दुसरा संशय टोकनवर सही करायच्या डिजिटल किल्ल्यांवर, अकाउंट साइटने किल्ली बदलली आणि दुकान जुनीच धरून बसलंय असं होतं कधीकधी, पण मग त्या काळात सगळेच फेल झाले असते. तेही नाही.

मग दुकानाच्या लॉगमधली ती एररची ओळ नीट वाचली. "स्टेट तपासणी अयशस्वी", एवढंच. इथे थोडं थांबून स्टेट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दुकानातून लॉगिनला निघताना दुकान एक लांबलचक रँडम मजकूर तयार करतं, त्याची एक प्रत ब्राउझरमध्ये कुकी म्हणून ठेवतं आणि दुसरी प्रत अकाउंट साइटला पाठवतं. अकाउंट साइट काम झालं की ती प्रत जशीच्या तशी परत देते. दुकान दोन्ही प्रती, फाडलेल्या तिकिटाचे दोन तुकडे जुळवावेत तसे, जुळवून बघतं, जुळल्या तरच पुढे. म्हणजे ही तपासणी फेल व्हायचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत: दोन्ही प्रती आहेत पण वेगळ्या आहेत, किंवा एक प्रत मुळात आलीच नाही. दुकानाचा कोड या दोन्हीला एकच ओळ लिहीत होता! एवढी एक गोष्ट आधीपासून वेगळी लिहिली असती तर निम्मं प्रकरण वाचलं असतं. ती ओळ फोडून दोन केल्या, नवीन कोड चढवला, आणि थोड्याच वेळात चित्र साफ झालं. जवळजवळ सगळीकडे "कुकी आलीच नाही". न जुळणाऱ्या अगदी तुरळक, त्यांच्याबद्दल पुढे.

म्हणजे दुकानाने स्वतः दिलेली कुकी दुकानालाच परत मिळत नव्हती. आणि कुकी तर दिलेली होती, तसा लॉग होता.

इथे सपोर्टमधल्या एका मुलीचा उपयोग झाला. तिने एका ग्राहकबाईंना फोन लावला आणि नुसतं "एररचा स्क्रीनशॉट पाठवा" न म्हणता सगळं पायरी पायरीने करून घेतलं.

"मॅडम, आता ओटीपी आला का?"

"नाही आला अजून. मेल उघडते दुसऱ्या टॅबमध्ये... थांबा हं, इथे पण पासवर्ड मागतोय."

"चालेल मॅडम, आरामात करा."

"आला. टाकला. झालं की! ...नाही, परत तेच आलं बघा."

"आता तो पुन्हा प्रयत्न करा दाबा."

"दाबलं. अरे, आता झालं! आता कसं काय झालं?"

त्या मुलीने तिकिटात लिहिलेलं वाक्य मला फार आवडलं: "मॅडमना मेल उघडायला वेळ लागला, दुसऱ्यांदा ओटीपी मागितलाच नाही आणि लगेच झालं." बाकी तिकिटांमध्ये ब्राउझर होता, स्क्रीनशॉट होता, कोणकोणत्या कुकीज क्लिअर केल्या त्याची जंत्री होती, पण किती वेळ लागला हे एकातही नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मग दुकानाचा आणि अकाउंटचा लॉग एकत्र जोडला. जोडायला दुवा होताच, तोच स्टेट, दोन्हीकडे दिसतो (पूर्ण मजकूर लॉगमध्ये ठेवू नये, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला ठसा, ठेवला की काम भागतं). प्रत्येक लॉगिनसाठी दोन वेळा काढल्या, दुकानातून निघाला केव्हा आणि दुकानात परत आला केव्हा, वजाबाकी केली, सेकंदांचा कॉलम केला, आणि त्या कॉलमवर सॉर्ट मारलं. वरचे सगळे हिरवे. खाली गेलं की १२० च्या आसपास एक रेघ मारल्यासारखं, आणि तिच्याखाली क्रोम आणि एजवाले सगळे लाल. फायरफॉक्स आणि सफारीवाले मात्र रेघेच्या खालीही हिरवेच, कोणी दहा मिनिटांनी परत आला तरी हिरवा. एक आकडा जेव्हा इतका गोल येतो ना, तेव्हा तो नेटवर्कमुळे किंवा माणसांमुळे येत नाही, तो कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेला असतो.

तो लिहिलेला आहे क्रोममध्ये (एजही आतून त्याच इंजिनावर चालतं). गोष्ट अशी की फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून गूगलने एक नियम आणायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये कोविडमुळे मागे घेतला आणि जुलैपासून परत लावला. कुकी देताना साइटने सेमसाइट नावाची सूचना दिली नसेल तर क्रोम ती "लॅक्स" आहे असं धरणार. लॅक्स म्हणजे काय, तर दुसऱ्या साइटवरून कोणी साध्या लिंकने किंवा रीडायरेक्टने (ब्राउझरला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवून) तुमच्याकडे आला तर कुकी सोबत जाईल, पण दुसऱ्या साइटवरून फॉर्म पोस्ट होऊन (माहिती पत्त्यात न येता भरलेल्या फॉर्मसारखी पाठवली जाऊन) आला तर नाही जाणार. नियम चांगला आहे, परस्पर दुसऱ्याच्या नावाने फॉर्म भरायचे हल्ले त्याने बरेच अडतात. पण एकदम लावला असता तर जगभरची लॉगिन आणि पेमेंट धडाधड पडली असती, कारण त्यातली कित्येक पोस्टनेच परत येतात. म्हणून एक सवलत ठेवली: सूचना नसलेली कुकी दोन मिनिटांपेक्षा नवी असेल तर अशा पोस्टसोबतही जाऊ दे. सवलत तात्पुरती म्हणून होती पण ती राहिली. आणि कुकीवर स्वतःहून लॅक्स लिहिलं असेल तर ही सवलत नाही, फक्त काहीच न लिहिणाऱ्यांना आहे. फायरफॉक्स आणि सफारीने हा न लिहिल्यास लॅक्सवाला डिफॉल्ट नेहमीच्या ब्राउझरमध्ये लावलेला नाही, म्हणून तिथे सगळं चालत होतं.

आता दुकानाकडे बघा. दुकानाची लॉगिन लायब्ररी (आयता वापरायचा तयार कोड) जुनी, तिचा डिफॉल्ट असा की अकाउंट साइटने उत्तर फॉर्म पोस्टने द्यायचं. म्हणजे हिरवी टिक दिसते त्या क्षणी अकाउंट साइट ब्राउझरला एक छोटंसं पान देते ज्यात लपलेला फॉर्म असतो, आणि तो आपोआप दुकानाकडे सबमिट होतो. दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट. आणि स्टेटच्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलंच नाही. दोन मिनिटांत परतलात तर कुकी सोबत, नाहीतर दारात थांबवली.

मुख्य साइट का वाचली? तिची लायब्ररी वेगळी, ती उत्तर साध्या रीडायरेक्टने मागते, कोड पत्त्यातच येतो, आणि लॅक्स कुकी रीडायरेक्टला चालते. कोर्सेसची साइट का वाचली? ती तर दुकानाचीच लायब्ररी वापरत होती, पोस्टही तशीच, पण ती आणि अकाउंट एकाच डोमेनची सबडोमेन, आणि ब्राउझरच्या हिशोबाने सबडोमेन वेगळी असली तरी साइट एकच, मग नियम लागूच होत नाही. तीन साइट, तीन वेगळी कारणं, आणि वरून बघणाऱ्याला वाटणार की दुकानाचं काहीतरी बिनसलंय.

आयफोनवाल्यांनी अजून एक गोंधळ घातलेला होता. काही तिकिटांवर "क्रोम" लिहिलेलं पण त्यांचं लॉगिन आरामात मिनिटं घेऊनही चालत होतं. कारण आयफोनवरचं क्रोम दिसायला क्रोम, आत इंजिन सफारीचंच. त्यामुळे ब्राउझरच्या नावाने गट पाडायला गेलं तर काहीच जुळत नव्हतं, इंजिनाने पाडले तेव्हा जुळलं.

आणि मग आत्ताच का? क्रोमचा नियम तर कधीचा आहे. याचं उत्तर अकाउंट टीमच्या बदलांच्या यादीत सापडलं: त्यांनी अलीकडेच मेलवरचा ओटीपी सक्तीचा केला होता. चांगल्याच हेतूने. त्याआधी लॉगिन म्हणजे पासवर्ड टाकला की झालं, काही सेकंद, पासवर्ड मॅनेजर असेल तर त्याहून कमी. दोन मिनिटांची भिंत होतीच, पण तिच्यापर्यंत कोणी पोचत नव्हतं, जे मोजके पोचायचे ते दुसऱ्यांदा करून आत जायचे आणि गप्प बसायचे. ओटीपी आल्यावर लोकांना मेल उघडावा लागला, स्पॅममध्ये शोधावा लागला, फोन दुसऱ्या खोलीत होता तो आणावा लागला, आणि रोज कितीतरी माणसं भिंतीपलीकडे जायला लागली. ऑफिसमधल्या सगळ्यांचा मेल सतत उघडा, त्यामुळे ऑफिसात कोणालाही हे कधी दिसलं नाही. तपासणारे नेहमी सराईत असतात, हा या धंद्यातला जुनाच प्रॉब्लेम.

सगळ्यात हाल कोणाचे झाले तर ज्यांनी एरर बघून स्वतःच्या पासवर्डवर संशय घेतला. "पुन्हा प्रयत्न करा" दाबणारे सुटायचे, कारण अकाउंट साइटवर ते आत गेलेलेच असतात, दुसऱ्या फेरीत काही विचारलं जात नाही, दोन सेकंदांत परत, कुकी ताजी, काम झालं. पण जो "पासवर्ड विसरलात?" दाबतो त्याचं बघा. पासवर्ड बदलला की अकाउंट साइट सुरक्षेसाठी त्याची सगळी सेशन तोडते, बरोबरच आहे. मग त्याला पहिल्यापासून लॉगिन, नवा पासवर्ड, नवा ओटीपी, त्याच दोन मिनिटांच्या पलीकडे, परत तीच एरर. आता त्याची खात्रीच पटते की पासवर्ड बदललाच गेला नाही. मग तो जुना टाकून बघतो, दोनचार वेळा, आणि अकाउंट लॉक. सपोर्टला शेवटी जे तिकीट येतं ते "अकाउंट लॉक झालंय", आणि त्यावरून मूळ कारणापर्यंत कोण कसा जाणार?

कुकीज क्लिअर केल्याने किंवा इन्कॉग्निटोने का व्हायचं तेही यात आलंच. त्याने काहीच दुरुस्त होत नव्हतं. दुसऱ्यांदा करेपर्यंत मेल उघडा असतो, हात सरावलेला असतो, माणूस दोन मिनिटांच्या आत परत येतो, आणि श्रेय कुकीज क्लिअर करण्याला. वर त्या सल्ल्यामुळे बिचाऱ्यांची बाकीच्या साइटवरची लॉगिनं उडत होती ते वेगळंच.

पक्कं करायला घोळ मुद्दाम घडवून बघितला. क्रोममध्ये दुकान उघडायचं, लॉगिन दाबायचं, अकाउंटच्या पानावर दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ नुसतं बसायचं, मग पासवर्ड, ओटीपी. दरवेळी फेल. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा ठेवा आणि लॉग जपून ठेवायचा पर्याय आधीच टिक करा, नाहीतर पान बदललं की मागचं सगळं पुसलं जातं. परत येणाऱ्या पोस्टवर क्लिक करून कुकीजचा भाग बघितला आणि गाळलेल्या कुकीज दाखवा हे टिक केलं की ती कुकी पिवळ्या पट्ट्यात दिसते, आणि तिच्यावर माउस नेला की क्रोम स्वतःच कारण सांगतं, सेमसाइट लिहिलेलं नव्हतं म्हणून लॅक्स धरलं आणि रिक्वेस्ट दुसऱ्या साइटवरून आलेली होती म्हणून अडवली. पुरावा हातात.

जाता जाता एक. ग्राहकांकडून असा नेटवर्कचा रेकॉर्ड, म्हणजे हार फाइल, मागवायची सवय अनेक सपोर्ट टीमना असते. त्या फाइलमध्ये चालू सेशनच्या कुकीज उघड्या असू शकतात, ज्याच्या हातात फाइल तो त्या माणसाच्या नावाने आत. लॉगिनची सेवा देणाऱ्या ऑक्टा या कंपनीच्या सपोर्ट सिस्टीममधून अशाच फाइली चोरीला गेल्या आणि त्यातली टोकनं वापरली गेली, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालं होतं. आता क्रोम एक्सपोर्ट करताना नाजूक भाग डिफॉल्टने गाळतं, तरी शक्यतो घोळ स्वतःच्या मशीनवर घडवावा, ग्राहकाची फाइल मागू नये.

आता दुरुस्ती. मीटिंगमध्ये पहिला प्रस्ताव आला तो म्हणजे ती स्टेट तपासणीच बंद करू, नाहीतरी कोड खराच असतो ना. याला मी साफ नाही म्हणाले. स्टेट नसेल तर कोणीही स्वतःच्या लॉगिनचा कोड असलेली लिंक तुम्हाला पाठवू शकतो, तुम्ही क्लिक केलं की तुम्ही नकळत त्याच्या अकाउंटमध्ये आत. लेखांच्या साइटवर त्याने फार काही बिघडणार नाही, पण दुकानात? तुम्ही आपला पत्ता आणि कार्ड सेव्ह करणार, आणि ते त्याच्या अकाउंटात जाऊन बसणार. तपासणी त्रास देतेय म्हणून ती काढायची नसते, तिला हवी ती कुकी का पोचत नाही ते बघायचं असतं.

दुसरा प्रस्ताव, कुकीवर सेमसाइट नन (दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबतही जाऊ दे) लिहा आणि सोबत सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर पाठव), कारण सिक्युअरशिवाय क्रोम नन मानत नाही. एका ओळीचं काम आणि अगदी वैध. अडचण एवढीच की आयओएस १२ आणि त्या काळातल्या मॅकवरच्या सफारीत एक बग आहे, ती नन वाचून उलट सगळ्यात कडक नियम लावते, म्हणजे आज जे चालतंय ते तिथे पडणार. असे जुने फोन आता कमीच, पण दुकानाच्या लॉगमध्ये ते होते.

तिसरा, आणि शेवटी तोच केला: पोस्ट सोडून द्यायची आणि मुख्य साइटसारखं साध्या रीडायरेक्टने कोड घ्यायचा, आणि कुकीवर स्वच्छ शब्दांत लॅक्स लिहायचं. कोड पत्त्यात दिसतो म्हणून एकाने शंका काढली, ती रास्त आहे, पण कोड एकदाच चालतो, ओऑथच्या नियमात त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटं ठेवा असं सांगितलंय, आणि पिक्सी लावलं (PKCE, कोडच्या चोरीविरुद्धची ओऑथची जोड, २०१५ चं आहे, दुकानाच्या लायब्ररीत फक्त बंद होतं) की नुसता कोड चोरून उपयोग नाही, निघताना ज्या ब्राउझरमधून निघाला त्याचं गुपितही लागतं. पोस्टला पर्याय नाही अशा जागा आहेत, उदाहरणार्थ ॲपलच्या लॉगिनकडे नाव किंवा मेल मागितलात तर उत्तर पोस्टनेच येतं, तिथे सेमसाइट नन लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. दुकानात तसं काही नव्हतं.

बदल चढला आणि १२० ची रेघ नाहीशी झाली. लाल पूर्ण संपले नाहीत, वर म्हटलेल्या त्या तुरळक न जुळणाऱ्या प्रती आता एकट्या उरल्या आणि म्हणून स्पष्ट दिसायला लागल्या. त्यात दोन प्रकार. एक, दुकान दोन टॅबमध्ये उघडून दोन्हीकडे लॉगिन दाबणारे, कुकीचं नाव एकच असल्याने दुसऱ्या टॅबची प्रत पहिलीवर बसते आणि पहिला टॅब अडकतो. त्यासाठी प्रत्येक प्रयत्नाला कुकीचं नाव वेगळं दिलं, पण जुन्या कुकीज झाडायलाही लावल्या, नाहीतर त्या साचत जातात आणि एक दिवस हेडर (रिक्वेस्टचा कुकीज नेणारा भाग) इतका फुगतो की सर्व्हर ४०० ही एरर देऊन आतच घेत नाही, आणि तेव्हा मात्र कुकीज क्लिअर करा हा सल्ला खरोखर बरोबर ठरतो! दुसरा प्रकार, ज्यांनी अकाउंटचं लॉगिन पानच बुकमार्क करून ठेवलंय, पत्त्यातल्या जुन्या स्टेटसकट. ते महिन्याभराने तिथूनच सुरुवात करतात आणि दुकानाकडे त्या स्टेटची दुसरी प्रत कधीच नसते. यांना एरर दाखवण्यात अर्थच नाही. आता स्टेट जुळला नाही किंवा सापडला नाही की दुकान तो कोड फेकून देतं आणि स्वतःच नव्याने लॉगिन सुरू करतं, माणूस अकाउंटवर आत असतोच, त्याला फक्त पान एकदा लुकलुकल्यासारखं दिसतं. हे एकदाच करायचं, लागोपाठ दुसऱ्यांदा फेल झालं तर थांबून एरर द्यायची, नाहीतर दोन साइट एकमेकींकडे ढकलत बसतात आणि ब्राउझर "खूप जास्त रीडायरेक्ट" म्हणून हात वर करतो.

एररच्या पानावरचं वाक्यही बदललं. "काहीतरी चुकलं" च्या जागी आता आहे, "तुमचा पासवर्ड बरोबर आहे, तो बदलू नका. दुकानाशी जोडणी पूर्ण झाली नाही, खालचं बटण दाबा." पासवर्ड बदलून लॉक होणाऱ्यांसाठी या ओळीचा उपयोग कोडमधल्या दुरुस्तीपेक्षा कमी नाही असं मला वाटतं. सपोर्टच्या फॉर्ममध्ये "लॉगिन दाबल्यापासून एरर येईपर्यंत साधारण किती वेळ गेला" हा रकाना आला, आणि कुकीज क्लिअर करायचा सल्ला यादीच्या तळाला गेला.

एक काम उरलेलं होतं. कोर्सेसची साइट लवकरच स्वतःच्या वेगळ्या डोमेनवर जाणार आहे. तिथेही लायब्ररी जुनीच, उत्तर पोस्टनेच, सेमसाइट लिहिलेलं नव्हतं. ती फक्त डोमेन एक असल्यामुळे चालत होती, म्हणजे ज्या दिवशी डोमेन बदलेल त्याच दिवशी तिथे हाच घोळ सुरू झाला असता आणि सगळ्यांनी नव्या सर्व्हरला दोष दिला असता. तिथलाही बदल आधीच करून ठेवलाय, डोमेन हलवायच्या यादीत सगळ्यात वरच्या ओळीला.